गुलाबाचा पानसोट: कापायचा की राखायचा?

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की उदगीरच्या अंगणांत गुलाबाचे एक कोडे दरवर्षी उभे राहते. उन्हाळाभर पाने गाळत, एखादे खुजे फूल देत कसाबसा तग धरलेल्या झाडाच्या बुडातून अचानक एक जाडजूड, तांबूस, तुकतुकीत कोंब वर येतो. दोन-तीन आठवड्यांत तो बाकीच्या फांद्यांना मागे टाकतो. अंगठ्याएवढी जाडी, मोठाले काटे, तळहातभर पाने. फुलाचा मात्र पत्ता नाही.

मग सल्ले सुरू होतात. जालन्याकडचे मोसंबीवाले पाहुणे म्हणतात, "हा पानसोट. नुसता खाऊन माजतो, काढून टाका." नांदेडकडचे कपाशीवाले म्हणतात, "गळफांदी आहे ही, बोंड धरत नाही, उडवा." रोपे विकणारा हातगाडीवाला लांबूनच बघून सांगतो, "जंगली आहे, साहेब." तिघांची कारणे वेगळी, निकाल एकच: कापा.

यांतले कोणीही अडाणी नाही. मोसंबीचा पानसोट काढावाच लागतो, कपाशीची गळफांदी काढल्याचा फायदा मराठवाड्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी घेतला आहे, आणि गुलाबाला कधी कधी खरोखरच जंगली फूट येते. तरीही तिघांचे ऐकून कात्री चालवली, तर बहुतेक वेळा आपण झाडाचा सर्वांत चांगला दांडा कचऱ्यात टाकतो. असे का होते, हे समजायला दोन गोष्टी कळाव्या लागतात. हा कोंब नेमका कुठून निघाला, आणि एवढा जोर त्याला आला कुठून.

आधी बूड बघा

रोपवाटिकेतला मोठ्या फुलांचा गुलाब बहुतेक वेळा एक झाड नसतो, दोन झाडांची जोडणी असते. खाली मुळांसकट एक दणकट, काटक गुलाब असतो, त्याला खुंट म्हणतात. यासाठी मल्टिफ्लोरासारख्या रानटी जातीचा किंवा एखाद्या गावठी गुलाबाचा वापर होतो. या खुंटाच्या सालीला इंग्रजी 'टी' अक्षरासारखा छेद देतात, हव्या त्या जातीचा एकच डोळा सालीसकट त्यात सरकवतात आणि पट्टीने बांधून टाकतात. डोळा जिवंत राहून फुटला की त्याच्या वरचा खुंट छाटतात. म्हणजे आपल्या दारातला ग्लॅडिएटर जातीचा सगळा गुलाब, त्याच्या फांद्या, पाने, फुले, ही त्या एका डोळ्याची संतती. जिथे डोळा भरला होता तिथे पुढे एक ओबडधोबड गाठ तयार होते. तोच कलमाचा सांधा.

सांध्याच्या वरून निघालेली प्रत्येक फूट आपल्या गुलाबाची. सांध्याच्या खालून निघालेली प्रत्येक फूट खुंटाची. बाकी सगळ्या खुणा यानंतर.

पानांच्या दलांवरून ओळखायची पद्धत सर्रास सांगितली जाते. एका देठावर पाच छोटी पाने असली तर गुलाब, सात असली तर जंगली. हा अंदाज अर्धाच खरा आहे. मल्टिफ्लोराच्या पानाला सात ते नऊ दले असतात, रंग फिकट हिरवा असतो, आणि देठाच्या तळाशी केसाळ झालरीसारखी पट्टी दिसते. पण जोमात वाढणारा मोठ्या फुलांचा हायब्रिड टी गुलाबसुद्धा नव्या दांड्यावर सात दलांची पाने काढतो. नुसती दले मोजून जाडजूड कोंब कापणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि हातगाडीवाल्याचा अंदाज इथेच फसतो. म्हणून बोटाने माती बाजूला सारायची आणि कोंब सांध्याच्या वर आहे की खाली, ते डोळ्यांनी बघायचे. उदगीरच्या काळ्या मातीत हे काम जरा जास्त करावे लागते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दरवर्षी शेणखताचा थर टाकता टाकता सांधा कधी मातीखाली गेला ते कळतही नाही.

खुंटाची फूट राहू दिली तर काय होते? खुंट मुळांचा मालक आहे आणि त्याचा जोर वरच्या जातीपेक्षा जास्त आहे. वर्षा-दोन वर्षांत तो सगळी जागा घेतो, वरची जात उपाशी पडून वाळते, आणि एक दिवस "आमच्या लाल गुलाबाला पांढरी बारीक फुले यायला लागली" अशी बातमी शेजारी पोचते. गुलाबाने रंग बदललेला नसतो. मूळचे झाड मेलेले असते आणि त्याचा खुंट फुलत असतो.

ही फूट जमिनीलगत कात्रीने कापणे हा सर्वांत वाईट उपाय. प्रत्येक फांदीच्या तळाशी आणखी काही डोळे दडलेले असतात. वरचा भाग कापला की तेच जागे होतात आणि एकाच्या जागी तीन येतात. त्याऐवजी माती उकरून फूट जिथून निघाली तिथपर्यंत जायचे, आणि कोवळी असतानाच ती खाली ओढून बुडासकट उपटायची. जखम थोडी फाटकी होते, पण तळाचे डोळेही जातात. आळ्यात खुरपे-कुदळ खोल चालवू नये तेही याच कारणाने. खुंटाच्या जमिनीखालच्या भागाला घाव लागला की तिथून फूट येण्याला निमित्त मिळते.

एक अपवाद इथेच नोंदवून ठेवू. काडी रोवून लावलेला गावठी गुलाब स्वतःच्याच मुळांवर असतो. त्याला खुंट नाही, सांधा नाही, आणि म्हणून जंगली फूटही नाही. कुठूनही आलेला कोंब त्याचाच.

शेंड्याने लावलेली मोटार

आता दुसरा प्रश्न. सांध्याच्या वरून, झाडाच्या बुडातून आलेल्या कोंबाला एवढा जोर कुठून येतो?

याचे अर्धे उत्तर आपल्याकडच्या तूरवाल्यांना ठाऊक आहे. उदगीरच्या डाळमिलांना तूर पुरवणारा शेतकरी पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने तुरीचे शेंडे खुडतो. शेंडा गेला की बाजूच्या फांद्या फुटतात, झाड डेरेदार होते आणि शेंगांची जागा वाढते. हरभऱ्याचे शेंडे भाजीसाठी खुडले की तेच होते. म्हणजे बाजूचे डोळे पहिल्यापासून तिथेच होते, त्यांना कोणीतरी दाबून ठेवले होते.

प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. तो फुटला तर फांदी, नाहीतर वर्षानुवर्षे झोपलेला. शेंडा टवटवीत असेपर्यंत खालचे डोळे झोपून राहतात, याला शास्त्रात अग्रप्रभुत्व म्हणतात. १९३३ साली केनेथ थीमन आणि फोल्के स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांवर एक साधा प्रयोग केला. शेंडा कापला की बाजूचे डोळे फुटत होते. पण कापलेल्या जागी ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक लावले, की डोळे पुन्हा गप्प बसत होते. संप्रेरक म्हणजे झाडाच्या एका भागात तयार होऊन दुसऱ्या भागाला हुकूम देणारे रसायन. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन खोडातून खाली उतरते आणि डोळ्यांना थोपवते, असा निष्कर्ष निघाला आणि पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत तोच शिकवला गेला.

त्यात एक अडचण होती. ऑक्सिन खोडातून फार संथ उतरते, तासाला सेंटिमीटरभर. पण शेंडा खुडल्यावर लांबचे डोळेसुद्धा, ऑक्सिन ओसरल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधीच हालचाल सुरू करतात. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी वाटाण्यावर काम करून दाखवले की पहिला इशारा साखरेचा असतो. पानांत तयार झालेली साखर सर्वांत जास्त ओढतो तो वाढता शेंडा. शेंडा गेला की ती साखर झपाट्याने खालच्या डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होतात. ऑक्सिनचे काम त्यानंतरचे, कोणता डोळा पुढे वाढत राहणार हे ठरवण्याचे.

मराठवाड्यात हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत. नळाला पाणी येते त्या दिवशी गल्लीतल्या एका घराने जलवाहिनीला मोटार लावली, की बाकीच्यांच्या तोट्या कोरड्या. ती मोटार बंद करा, पाच मिनिटांत सगळ्यांच्या हंड्यांत धार पडते. वाढता शेंडा म्हणजे मोटार लावलेले घर, आणि शेंडा खुडणे म्हणजे मोटार काढणे.

बुडातला कोंब हा याच गोष्टीचा पुढचा भाग आहे. उन्हाळ्यात होरपळलेल्या जुन्या फांद्यांचे शेंडे थकतात, त्यांच्या मोटारींचा जोर उतरतो. त्याच वेळी मुळांजवळचा एखादा जुना डोळा जागा होतो. तो टाकीला सर्वांत जवळचे घर आहे. मुळांचे पाणी आणि क्षार पहिल्यांदा त्याच्याकडे पोचतात, बुडाच्या लाकडात साठवलेले पिठूळ अन्न त्याच्या शेजारीच असते. त्याने मोटार लावली की वरच्या फांद्या बघत राहतात. त्याची वाढ आणि वरच्यांचे मरगळणे या दोन वेगळ्या घटना नाहीत.

पहिल्या पावसाशी त्याचे नाते

नळाचे पाणी बारा महिने घातलेल्या कुंडीतही असा कोंब येतो, पण जून-जुलैत अशा कोंबांची गर्दी होते. याला निव्वळ पाणी कारण नाही.

महिनोनमहिने कोरड्या राहिलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की तिच्यातले सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात. उन्हाळ्यात मेलेल्या जीवाणूंचे आणि सेंद्रिय पदार्थांचे विघटन होते आणि पिकाला घेता येईल असे नत्र थोड्या दिवसांत मोठ्या प्रमाणात मोकळे होते. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून १९५८ साली याची मांडणी केली, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. लातूर जिल्ह्यात सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्याआधीचे कित्येक महिने जमीन तापत आणि वाळत असते. आपल्या आजोबांना बर्च माहीत नव्हते, पण मृगाच्या पहिल्या पावसात पेरलेल्याला वेगळाच जोर असतो हे माहीत होते.

हे नत्र मुळांनी घेतले की मुळांमध्ये सायटोकायनिन नावाचे दुसरे संप्रेरक वाढते. त्याचा स्वभाव ऑक्सिनच्या उलट. ते रसाबरोबर वर चढते आणि झोपलेल्या डोळ्यांना उठवते. ते आधी बुडाच्या डोळ्यांना भेटते हे उघडच आहे.

गुलाबाच्या बाबतीत आणखी एक अट आहे, ती म्हणजे उजेड. फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे की गुलाबाचा डोळा पूर्ण अंधारात ठेवला तर शेंडा कापूनही तो फुटत नाही. सगळ्याच झाडांचे असे नसते. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. बुडाशी वाळकी पाने, तण आणि बारीक काटक्यांची दाटी असलेला गुलाब नवे दांडे देत नाही. ते बूड मोकळे केले, तिथे सकाळचे ऊन पोचू दिले, की पुढच्या पावसात कोंब येण्याची शक्यता वाढते. खतावर पैसे घालण्याआधी हे फुकटचे काम करून बघावे.

कोंबाचा तांबूस रंग बघूनही काहींना शंका येते. तो रोग नाही. कोवळ्या पानांत हरितद्रव्य पुरेसे तयार झालेले नसते, तोपर्यंत कडक उन्हापासून बचाव म्हणून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य त्यांच्यात भरलेले असते. पान जून झाले की रंग आपोआप हिरवा होतो. कोवळे पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर मात्र काळजीचे कारण आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्याची ती खूण.

कपाशीचे गणित इथे लागू पडत नाही

आता कपाशीवाल्या पाहुण्यांकडे वळू. गळफांदीला थेट बोंडे लागत नाहीत, तिच्यावर फुटणाऱ्या उपफांद्यांना लागतात, तीही उशिरा. कपाशीला सहा-सात महिन्यांचेच आयुष्य. एवढ्या वेळात जी फांदी उशिरा फळणार तिला खाऊ घालणे परवडत नाही, म्हणून ती काढायची. हिशोब चोख आहे.

मोसंबीचे झाड वर्षानुवर्षे जगते, पण त्याचा सांगाडा एकदाच घडवायचा असतो. खोड, त्यावर चार-पाच मुख्य फांद्या, आणि त्यांवर बहार. सरळ वर धावणारा काटेरी पानसोट त्या सांगाड्यात बसत नाही, आतला उजेड अडवतो, म्हणून तोही काढायचा.

गुलाबाला असा कायमचा सांगाडा नसतोच. बुडातून आलेले चार-सहा दांडे हेच त्याचे झाड, आणि प्रत्येक दांड्याला मर्यादित उमेदीची वर्षे असतात, साधारण तीन ते चार. का? गुलाबावर एक नियम जवळजवळ न चुकता दिसतो. नवी फांदी ज्या फांदीवर फुटते तिच्यापेक्षा ती बारीक असते. अंगठ्याएवढ्या दांड्यावर पेन्सिलीएवढी फांदी, तिच्यावर काडीएवढी, तिच्यावर उदबत्तीएवढी. फुलाचा आकार देठाच्या जाडीवर अवलंबून असतो. म्हणून दर छाटणीला आपण वरवर कापत राहिलो, तर झाड उंच होत जाते आणि फूल लहान होत जाते. त्यात जुन्या दांड्याची साल राखाडी होऊन तडकते, खालचे डोळे सालीत बुजतात, जुन्या काप-जखमांच्या गाठी रसाच्या वाटेत येतात. "पहिल्या वर्षी कशी वाटीएवढी फुले यायची" अशी जी तक्रार घरोघरी ऐकू येते, तिचे मूळ बहुधा इथे आहे. खत कमी पडलेले नसते, दांडे म्हातारे झालेले असतात.

हा उतरता क्रम मोडून पुन्हा अंगठ्याएवढ्या जाडीपासून सुरुवात करायची एकच सोय निसर्गाने ठेवली आहे, बुडातला पानसोट. तो कापणे म्हणजे झाडाची पुढची तीन वर्षे कापणे. कापायचाच असेल तर सर्वांत जुना, राखाडी दांडा बुडापासून कापा. दरवर्षी एक-दोन नवे राखायचे आणि तितकेच जुने काढायचे, एवढे पाळले तर झाड पंधरा-वीस वर्षांचे झाले तरी त्याचा एकही दांडा चार वर्षांपेक्षा जुना राहत नाही.

[चौकट] कात्री उचलण्याआधी

• माती सारून कलमाचा सांधा शोधा. फूट वरून असेल तर राखा, खालून असेल तर ओढून बुडासकट काढा.
• दले मोजून निकाल देऊ नका.
• राखलेल्या कोंबाला काठीचा आधार द्या.
• कोंब दीड फुटाचा झाला की शेंडा बोटांनी खुडा.
• वेल गुलाबाच्या नव्या दांड्याचा शेंडा खुडू नका.

राखायचा, पण मोकाट सोडायचा नाही

राखायचा म्हणजे तसाच सोडायचा असे नाही. मोकाट सोडलेला पानसोट चार-पाच फूट सरळ वर जातो आणि टोकाला कळ्यांचा मोठा घोस काढतो. फुले पुष्कळ, पण लहान आणि आखूड देठाची. घोस तयार होईपर्यंत शेंड्याची मोटार जोरात असते, कळी धरली की ती बंद पडते आणि मग टोकाजवळचेच चार-पाच डोळे एकदम फुटतात. वर जटा आणि खाली उघडा बांबू, असे रूप होते. शिवाय साखर सगळी तिथे गेल्याने बाकीचे दांडे रोडावतात.

उपाय तुरीचाच. कोंब दीड फुटाचा आणि अजून कोवळा असताना शेंड्याची दोन-तीन पाने अंगठा आणि तर्जनीने खुडायची. चिमटीत सहज तुटतो तोच खुडायचा काळ. तुटेना, कात्री लागेल असे वाटले, तर उशीर झाला. खुडल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत खालचे तीन-चार डोळे फुटतात, त्यांपैकी बाहेरच्या बाजूला जाणारे राखायचे. फूल महिना-दीड महिना लांबते, पण एका उंच काठीच्या जागी फांद्यांचा जाड पाया मिळतो. शेंडा खुडायला उशीर झाला असेल तर घोस फुलू द्यावा, आणि फुले ओसरल्यावर कोंब बाकीच्या झाडाच्या उंचीला आणावा. यात फार काही बिघडत नाही.

सगळ्यांत मोठा धोका वाऱ्याचा. हा कोंब वरून कितीही दांडगा दिसला तरी पहिले काही आठवडे बुडाशी त्याची पकड कच्ची असते, लाकूड बनलेले नसते. पावसाळी वावटळीत किंवा साडीचा पदर अडकून तो बुडापासून निखळतो. म्हणून शेजारी काठी रोवून सैलसर सुतळीने, मध्ये आडवी पिळी देऊन बांधावा. मावा आणि फुलकिडे याच कोवळ्या भागावर तुटून पडतात. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पुष्कळसा धुऊन जातो, फुलकिड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क.

वेल गुलाबाचे शास्त्र वेगळे. आजचे बहुतेक झुडपी गुलाब वर्षभर फुलतात, कारण चिनी गुलाबांकडून त्यांना एक बिघडलेले जनुक मिळाले आहे. फुलणे रोखून धरणारे हे जनुक त्यांच्यात काम करत नाही, हे २०१२ साली सिद्ध झाले. म्हणून त्यांचा प्रत्येक दांडा त्याच हंगामात टोकाला कळी काढतो. पुष्कळ वेलींचा दांडा मात्र पहिल्या वर्षी नुसता वाढतो आणि पुढच्या वर्षी फुलतो. त्याचा शेंडा खुडला तर पुढच्या वर्षीची फुले खुडल्यासारखे होते. तो लांब वाढू द्यावा आणि मांडवावर किंवा भिंतीवर शक्य तितका आडवा बांधावा. आडव्या दांड्यावर शेंड्याची हुकूमत सैल पडते आणि त्याच्या अंगभर डोळे फुटतात.

मावळात पानसोट मुद्दाम आणतात

दांडा आडवा केल्याने काय होते याचा धंदेवाईक उपयोग बघायचा असेल तर मावळात जावे. तळेगाव दाभाड्याच्या परिसरातली पॉलिहाऊसे फेब्रुवारीत परदेशात गुलाब पाठवतात. तिथे नव्या रोपाच्या पहिल्या फांद्या कापत नाहीत. त्यांच्या कळ्या मोडतात आणि फांद्या बुडाजवळून वाकवून वाफ्याच्या बाजूला झुकवतात. जपानमध्ये विकसित झालेली ही पद्धत शेतकरी 'बेंडिंग' याच नावाने ओळखतात.

वाकवलेल्या फांद्यांची पाने उन्हात साखर बनवत राहतात, पण त्यांचा शेंडा खाली गेल्याने तो ती ओढू शकत नाही. पाणी चालू, मोटार बंद. मग बुडातले डोळे फुटतात आणि जाड, सरळ, लांब देठाचे दांडे येतात. बाजारात देठाच्या लांबीवर भाव ठरतो. म्हणजे ज्या पानसोटाला आपण अंगणात कापून टाकतो, त्याच्यावर तिथले अर्थकारण उभे आहे.

उदगीरच्या अंगणात याची छोटी आवृत्ती करता येते. बारीक, वेडीवाकडी पण पाने असलेली फांदी कापण्याऐवजी सुतळीने ओढून खुंटीला बांधावी. पाने वाचतात आणि बुडातून नवा दांडा येण्याला मदत होते. हा प्रयोग श्रावणात करावा. कडक उन्हात वाकवलेल्या फांदीची वरची साल भाजते.

इथल्या हवेचे वेळापत्रक

विलायती पुस्तकांत गुलाब वीतभर उंचीपर्यंत छाटायला सांगतात. तिथे बर्फाने वरचे दांडे मरतातच, झाड पाने गाळून झोपते, आणि अन्न मुळांत उतरलेले असते. बालाघाटच्या पठारावर गुलाब झोपत नाही. त्याचे अन्न दांड्यात आणि पानांत असते, ते सगळे कापणे म्हणजे त्याची शिदोरी काढून घेणे. आपल्याकडे दीड ते दोन फूट झाड राखून मध्यम छाटणी पुरे.

मुख्य छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, परतीचा पाऊस उघडल्यावर. ओल्या हवेत केलेल्या कापातून बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत येते. आधी मेलेले, मग एकमेकांवर घासणारे, मग सर्वांत जुना एखादा दांडा, हा क्रम ठेवावा. पावसाळ्यात खुडून तयार केलेल्या नव्या दांड्याला हलकाच हात लावावा. काप बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर घ्यावा आणि पाच दलांच्या पानाच्या बेचक्यातला डोळा निवडावा. फुलाच्या लगतच्या तीन दलांच्या पानापाशी कापले तर लवकर फुटते, पण आखूड आणि बारीक.

काप बरोबर पंचेचाळीस अंशांत हवा या आग्रहावर मात्र उगाच वेळ जातो. इंग्लंडच्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीने सेंट ऑल्बन्सच्या बागेत काही वाफे शास्त्रोक्त छाटले आणि काही कुंपण कापायच्या यंत्राने सरसकट कापले, तर सरसकट कापलेल्यांची फुलेही तोडीस तोड निघाली. कोनापेक्षा धार महत्त्वाची. बोथट कात्री फांदी चिरडते आणि बुरशी चिरडलेल्या भागातून शिरते. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. दोन-चार झाडांना दहा ग्रॅम, दहा ग्रॅम आणि शंभर मिलिलिटर पुरते.

छाटणीआधी आठवडाभर पाणी तोडून झाडाला थोडा ताण देण्याची रीत चांगली आहे. मुळे उघडी करून उन्हात ठेवण्याची रीत मला पटत नाही. भेगाळणाऱ्या काळ्या मातीत मुळे आधीच तुटलेली असतात, आणि कुदळीचा घाव खुंटाला जागे करतो.

जूनमध्ये फक्त वाळलेले काढावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपुढे जातो तेव्हा कात्री खाली ठेवावी. पाने ही त्या दिवसांत दांड्यांची सावली असतात, ती काढली की उघडी साल करपते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या तोंडाशी, पहिला बहर येतो.

एक शेवटची विनंती. पुढच्या वेळी रोप घेताना फुलाकडे बघून भाव करू नका. काळ्या पिशवीतली वरची माती बोटाने सारा, कलमाचा सांधा बघा, आणि सांध्याच्या वरून निदान दोन जाड फुटवे आलेले रोप मागा. फूल नसले तरी चालेल.